पॉइंट टू फाइव्ह आले काय?

डॉक्टरांबद्दल लिहायचं तर मी त्यांच्याशी कसा वागलो तेच खरं म्हणजे आधी लिहायला हवं. पण एकदम तिथे जायची हिंमत होत नाही, म्हणून त्यांच्या फोनपासून सुरुवात करतो.

दारव्ह्याला मी त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली होती. शिक्षणसेवक म्हणून माझी पहिलीच नेमणूक, शाळा आर्णी रस्त्यावरच्या एका खेड्यात. डॉक्टर म्हणजे गुराढोरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुकानं उघडायच्या वेळेला, ते समोरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि नागपूर, अमरावती, अकोला इथल्या बंदुकीच्या दुकानांना एकामागून एक फोन लावायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनचा स्पीकर चालू असायचा आणि सगळं बोलणं गल्लीला ऐकू जायचं.

“पॉइंट टू फाइव्ह आले काय?”

“नाही आले साहेब. थ्री टू आहेत, पाहिजे तेवढे.”

“थ्री टू माझ्या पिस्तुलात बसत नाई.”

“मग पिस्तूलच बदला ना साहेब. टू फाइव्ह आता कोण ठेवते?”

“बरं,” म्हणून ते फोन ठेवायचे आणि पुढचा नंबर लावायचे. तीन ठिकाणचं ‘नाही’ ऐकून झालं की आत काकूंना सांगायचे, “अजून नाई आले.” दवाखान्यातल्या पेशंटची तब्येत सांगावी तसा त्यांचा आवाज असायचा. काकू आतूनच म्हणायच्या, “ते येत नाई आता. चहा थंडा होऊन राह्यला.”

ते पिस्तूल मी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहिलं. डॉक्टरांचे वडील सागवानाचे ठेकेदार होते. जंगलात रोकड घेऊन फिरावं लागे, म्हणून त्यांनी ते कधीकाळी मुंबईहून घेतलं होतं. वडील गेल्यावर परवाना वारसाने डॉक्टरांच्या नावावर झाला. तळहातावर ठेवून बोटं मिटली तर दिसेनासं होईल एवढंसं ते विलायती पिस्तूल. पूर्वी इंजेक्शनच्या सुया ज्या डबीत उकळायचे त्या स्टीलच्या डबीत, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ते ठेवलेलं असे. शेजारी काडतुसं, करंगळीच्या पेराएवढी. मी आलो तेव्हा सात उरली होती. तीसुद्धा वडिलांच्या वेळची. या मापाची काडतुसं आपल्याकडे कोणी करत नाही, बाहेरून येणं जवळपास थांबलेलं. परवान्यावर घ्यायची मुभा होती, पण घ्यायला मालच नव्हता.

डॉक्टर माणसांशी तुटक बोलायचे. जनावरांशी मात्र अहो-जाहो करायचे. म्हैस असो की शेळी, “सरका बाई जराशा,” “घाबरू नका, पाहू द्या पाय,” असं त्यांचं चालायचं. शेळ्या घेऊन आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. खुद्द काकूंना ते कधी अहो म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

आणि पिस्तुलाचा उपयोग? तो आसपासच्या पंधरा-वीस गावांना माहीत होता. ज्या जनावराचं काहीच होऊ शकत नाही, पाठीचा कणा मोडलाय, पोट फाटलंय, पिसाळलेलं कुत्रं चावून तोंडाला फेस आलाय, अशा जनावराच्या मालकाने येऊन ओट्यासमोर नुसतं उभं राहायचं. डॉक्टर त्याच्यासोबत जायचे. आधी जनावर तपासायचे. मग मालकाला तीनदा विचारायचे. एकदा पोचल्यावर, एकदा थोडा वेळ जाऊ दिल्यावर, आणि एकदा त्याला पाणी पाजून. तिन्ही वेळा ‘हो’ आलं तरच डबी उघडायची. नोकरीत असताना औषध हाताशी असलं की ते इंजेक्शनच द्यायचे. औषध नसलं आणि जनावर तडफडत असलं तरच हे. घरी आल्यावर अंघोळ करायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत.

निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. एकदा मी त्यांच्यासोबत गेलो होतो. हवालदाराने डबी उघडून पाहिली आणि हसला.

“डॉक्टरसाहेब, यानं मच्छर तरी मरते का?”

“माणूस अडवायले नाई ते,” डॉक्टर म्हणाले. “सोडवायले हाये.”

पावती घेऊन बाहेर आलो तर ते काळजीत. “आता दीड महिना कोणाचं जनावर मोडाले नाई पायजे,” एवढंच रस्ताभर दोनदा म्हणाले.

एकदा मी विचारलं, “डॉक्टर, खरंच आला एक डबा काडतुसांचा, तर?”

ते म्हणाले, “मास्तर, सात हायेत म्हून मी तीनदा विचारतो. सत्तर असते तं एकदाच विचारलं असतं.” आणि तरी दर महिन्याला फोन लावायचे. हे कोडं मला तेव्हा सुटलं नाही, आजही पूर्ण सुटलेलं नाही.

आता घोडीचं सांगायला हवं.

मोठ्या भावाने स्वतःची जुनी कार मला दिली होती. शिकाऊ लायसन काढलं होतं, त्याचीही मुदत संपून गेली होती. डिसेंबरातला रविवार होता. सकाळी मी एकटाच गाडी घेऊन आर्णी रस्त्याला निघालो. हात बसावा एवढाच हेतू. नाल्याच्या पुलापाशी बाबारावची घोडी चरत होती. बाबाराव वरातीला घोडी भाड्याने द्यायचा. तिचं नाव लाडी. तालुक्यातले निम्मे नवरदेव तिच्यावर बसले असतील. तिला लांब दाव्याने बांधलेलं होतं. मी हॉर्न वाजवला, ती बिचकून रस्त्यावर आली, आणि ब्रेकऐवजी माझा पाय दुसरीकडेच पडला.

तिचा पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली पार तुटून नुसता लोंबत होता. ती तीन पायांवर उठायची आणि पडायची. उठायची आणि पडायची. मी डॉक्टरांना फोन केला. काय बोललो आठवत नाही. ते स्कूटरवरून आले, पाठोपाठ शेतातून बाबाराव धावत आला.

डॉक्टरांनी पाय पाहिला. पहिलं वाक्य ते माझ्याशी बोलले. “लायसन हाये?”

“नाही.”

“मंग गाडी घरी नेऊन ठेवा आन् चालत या.”

मी तसंच केलं. परत आलो तेव्हा डॉक्टर लाडीजवळ मांडी घालून बसले होते. सरकारी दवाखान्यात त्यांनी फोन केला होता. रविवार होता आणि तिथले डॉक्टर वणीकडे गेले होते. बाबारावला दोनदा विचारून झालं होतं. तिसऱ्यांदा माझ्यासमोर विचारलं. बाबाराव म्हणाला, “सोडवा डॉक्टर. माह्याच्यानं पाह्यलं जात नाई.”

म्होरकी धरायला बाबारावचे हात चालेनात, म्हणून ती मी धरली. डॉक्टर म्हणाले, “थांबा बाई, झालंच आता,” आणि चाप ओढला. टिक असा आवाज आला. बाकी काही नाही. काडतूस मेलेलं होतं. लाडीने कान हलवले. डॉक्टर पिस्तूल तसंच धरून थांबले. मी मनात तीसपर्यंत आकडे म्हटले. मग त्यांनी ते काडतूस काढून खिशात टाकलं, दुसरं चढवलं. दुसरं चाललं. लवंगी फटाका फुटावा एवढाच आवाज झाला.

तेवढ्यात पुलावर दोन-तीन मोटरसायकली थांबल्या होत्या. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं: दारव्ह्यात रस्त्यावर गोळीबार. पोलीस आले. डॉक्टरांनी जबाब दिला की गोळी मी झाडली, मालकाच्या सांगण्यावरून. घोडीला कोणी उडवलं, असं विचारल्यावर म्हणाले, “मी आलो तेव्हा गाडी तिथं नवती.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी चार हातांवर उभा होतो. बाबारावही काही बोलला नाही. त्याला मी नंतर काही पैसे नेऊन दिले; लाडीपुढे ते काहीच नव्हते आणि त्याने ते न मोजता घेतले.

महिनाभराने डॉक्टरांना यवतमाळहून नोटीस आली. सार्वजनिक रस्त्यावर हत्यार चालवल्याबद्दल परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा मागितला होता. सुनावणी मंगळवारी होती. डॉक्टर माझ्या खोलीच्या दारात आले. एरवी ते कधी त्या दारापर्यंत येत नसत.

“मास्तर, येसान काय मंगळवारी? एवढंच सांगा का घोडी वाचत नवती, मालकानं हो म्हटलं, आन् गोळीच्या वाटेत कोणी नवतं. गाडीचं तिथं कोणी विचारत नाई.”

“येतो ना डॉक्टर,” मी म्हणालो. “अवश्य येतो.”

मला तेव्हा खरंच जायचं होतं. पण रात्र आली की डोक्यात तेच फिरायचं. मी पुलावर काय करत होतो, असं विचारलं तर? कशाने आलात, असं विचारलं तर? नोकरी कायम व्हायला दीड वर्ष बाकी होतं. गुन्हा नोंदला गेला तर सगळं गेलं. सोमवारी संध्याकाळी मी काकूंना सांगितलं की उद्या अचानक केंद्रावर प्रशिक्षण लागलंय. डॉक्टरांना सांगायचं टाळलं, काकूंना सांगितलं.

“अरे देवा,” काकू म्हणाल्या. “बरं, सांगते त्याईले.”

मंगळवारी खोलीवर थांबता येणार नव्हतं आणि शाळेत रजा टाकून बसलो होतो. म्हणून मी सकाळीच बाहेर पडलो आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. साडेनऊची यवतमाळ गाडी लागली. डॉक्टर आणि बाबाराव आले. डॉक्टरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात कागदांची पिशवी. ते खिडकीशी बसले. गाडी वळून हॉटेलसमोरून जाताना मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर पदार्थांची यादी होती. ती मी वाचत राहिलो.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी नळावर पाणी भरत होतो. बाबाराव तिथे साहेबांसमोर घाबरला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, मले काई समजत नवतं साहेब, डॉक्टर म्हणले तसं केलं. दुसरा साक्षीदार नव्हता. परवाना रद्द झाला. पिस्तूल आणि उरलेली पाच चांगली काडतुसं जमा करायची होती.

“झालं,” डॉक्टर मला म्हणाले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत त्यांनी विचारलं, “प्रशिक्षण कसं झालं?”

“चांगलं झालं,” मी म्हणालो.

ते थोडा वेळ उभे राहिले. माझी बादली भरून वाहायला लागली होती. “भरली,” ते म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतरही घरात काही बदललं नाही, आणि तेच मला सोसवत नव्हतं. काकू थालीपीठ केलं की मागच्या दारातून द्यायच्या. मला ताप आला तेव्हा डॉक्टर दोन रात्री येऊन कपाळाला हात लावून गेले. खोली बदलावी असं मला दहादा वाटलं. पण बदलली तर का बदलली, असं ते विचारतील, याची भीती.

फोन लावणं मात्र बंद झालं. सोमवार यायचा, डॉक्टर ओट्यावर बसायचे, फोन मांडीवर असायचा. पावसाळ्यानंतर एका दुपारी तो आपणहून वाजला. स्पीकर चालूच होता.

“डॉक्टरसाहेब, अमरावतीहून बोलतो. एक जुने लायसनवाले वारले, त्यांच्या घरच्यांनी माल परत केला. टू फाइव्हचा अख्खा डबा आहे. चांगला आहे. तुमच्यासाठी ठेवला. लायसन घेऊन या.”

मी खोलीच्या दारात बूट घालत होतो. तसाच थांबलो.

“दुसऱ्या कोणाले द्या,” डॉक्टर म्हणाले.

“अहो, दुसरं कोण आहे टू फाइव्हवालं? इतकी वर्षं तुम्हीच तर विचारता.”

“माझ्यापाशी आता पिस्तूल नाई,” डॉक्टर म्हणाले. “आठवण ठेवली, उपकार झाले.” आणि फोन ठेवला. मी एक बूट घातलेला, एक हातात, असा आत जाऊन पलंगावर बसून राहिलो.

घोडीला वर्ष उलटून गेलं. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चढायला लागलं होतं. मी मोटरसायकलवरून शाळेत निघालो होतो. गावाबाहेरच्या वीटभट्टीपाशी रस्त्याच्या कडेला डॉक्टर बसलेले दिसले. त्यांच्यासमोर एक गाढवी पडली होती. विटांचा ट्रक मागे घेताना तिच्या कमरेवरून चाक गेलं होतं. मागचा भाग मेलेला, पुढचा जिवंत. ती मान उचलायची आणि पुढचे पाय मातीत खरडायची. डॉक्टरांनी छत्री उघडून तिच्या तोंडावर धरली होती. स्वतः उन्हात. भट्टीवरची माणसं दुरून पाहत होती. रस्त्याने जाणारी पोरं हसत होती. गाढवावर छत्री धरून बसलेला म्हातारा हसण्यासारखाच दिसत होता.

मी गाडी थांबवली. का थांबवली ते मला माहीत नाही. त्याआधी अशा कितीतरी गोष्टींसमोरून मी गेलो होतो.

“सकाळी भट्टीवाला आला,” डॉक्टर म्हणाले. “त्याले माहीत नवतं. म्हणे डॉक्टर, डबी घेऊन चला. सरकारी डॉक्टर दोन तालुके पाहून राह्यले, संध्याकाळी येतो म्हणले. दुखण्याचं इंजेक्शन होतं माझ्यापाशी, ते देलं. त्यानं काई होत नाई.” मग गाढवीला म्हणाले, “पाणी घ्या बाई.” वाटीतलं पाणी त्यांनी तिच्या ओठांना लावलं. ते मातीत सांडलं.

मी त्यांच्या बाजूला बसलो. ती श्वास घ्यायची तसा घशातून करवतीसारखा आवाज यायचा.

“डॉक्टर,” मी म्हणालो, “त्या मंगळवारी प्रशिक्षण नव्हतं.”

“माहीत हाये मले.”

“काकूंनी सांगितलं?”

“नाई. तुम्ही हॉटेलात बसले होते. यष्टीतून दिसले. मी हाक मारणार होतो, तं तुम्ही तोंड फिरवलं.”

मला पुढचं विचारायलाच नको होतं. तरी विचारलं. “मग संध्याकाळी मला का विचारलं, प्रशिक्षण कसं झालं म्हणून?”

ते गाढवीकडेच पाहत होते. “वाटलं सांगसान,” ते म्हणाले. “वाट पाह्यली. मंग बादली भरली तुमची.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी छत्री माझ्यासमोर केली. “धरा जराशी. हात दुखून राह्यला माझा.”

मी छत्री धरली. माझ्या शाळेतली मुलं सायकलवरून गेली. त्यांनी मला पाहिलं, एकाने नमस्कार सर म्हटलं, पुढे गेल्यावर सगळी हसली. ऊन सरकत गेलं तशी मी छत्री सरकवत गेलो. डॉक्टरांनी तिच्या मानेवरून हात फिरवणं थांबवलं नाही. सरकारी डॉक्टर पोचायच्या आधीच, चारच्या सुमाराला, तिने पुढचे पाय एकदा ताणले आणि ती गेली. गोळी असती तर सकाळी नऊलाच गेली असती. हे डॉक्टर बोलले नाहीत. मीच मनात धरलेलं आहे.

त्यांना उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. पायजम्याची माती झटकत ते म्हणाले, “शाळा बुडाली तुमची आज. उद्या हेडमास्तरले काय सांगसान?”

“खरं सांगेन,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि वाटी धुवायला भट्टीच्या हौदाकडे गेले.

नोकरी कायम व्हायला तेव्हा पाच महिने बाकी होते. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की पोट बिघडलं होतं.